बोगद्याच्या अलीकडचे वळण

पोलादपूर मागे पडले की मुंबई-गोवा महामार्गाला दोन वाटा फुटतात. एक सरळ कशेडीच्या बोगद्याकडे जाते आणि दुसरी, म्हणजे जुनी वाट, डोंगराच्या अंगाने वळणे घेत घाट चढू लागते. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे मुंबईहून गावी निघालो होतो. त्या फाट्याशी यांनी गाडीचा वेग कमी केला आणि माझ्याकडे न पाहताच विचारले, "घाटाने जाऊ या?" बोगद्यातून काही मिनिटांत पलीकडे पोचता येते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. गेल्या दोन वर्षांत आम्ही तसेच जात आलो होतो. तरीही मी लगेच "जाऊ या" म्हणाले, कारण माळशेजपासून आंबोलीपर्यंत कितीही घाट पाहिले असले तरी ज्या घाटाने मी सासरी गेले तो हाच.

आमचे लग्न १९९३ सालचे. कोकण रेल्वे तेव्हा पुरती व्हायची होती. ती मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली १९९८ मध्ये. त्यामुळे गावी जायचे म्हणजे एसटीची रातराणी, आणि तीही महिनाभर आधी रांग लावून आरक्षण मिळाले तर. माझे माहेर खेड तालुक्यातले आणि सासर कसालच्या तिठ्यावरून मालवणच्या बाजूला वळल्यावर लागणाऱ्या एका लहानशा गावात, म्हणजे दोन्ही घरे एकाच रस्त्यावर. रात्री परळहून सुटलेली गाडी पहाटेच्या सुमारास भरणे नाक्यावर थांबे. तिथे माझी आई शाल पांघरून, हातात फणसपोळीचे आणि कुळथाच्या पिठाचे गाठोडे घेऊन उभी असे. गाडी पाच मिनिटे थांबायची. आई खिडकीतून गाठोडे आत द्यायची, माझ्या गालावरून हात फिरवायची आणि गाडी सुटेपर्यंत पलीकडच्या सीटवर बसलेल्या जावयाला, "बरे आहात ना?" असे दोन-तीनदा विचारायची. माझ्या संसारातली पहिली दहा वर्षे माहेरची भेट पुष्कळदा एवढीच होती, आणि तेवढी तरी झाली, कारण रस्ता नाक्यावरून जात होता आणि गाडीला तिथे थांबणे भाग होते. आता आई नाही, आणि गाड्याही भरण्यावरून न थांबता निघून जातात.

हा रस्ता असा का आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. हे सार्वजनिक बांधकामाच्या कामात आयुष्य घालवलेले, गेल्याच वर्षी निवृत्त झाले. एकदा त्यांनी कागदावर एक उभी रेघ काढून तिच्यावरून आडव्या रेघांची रांग ओढली आणि म्हणाले, हा आपला महामार्ग आणि या नद्या. सह्याद्रीतून कोकणात उतरणारी प्रत्येक नदी पश्चिमेकडे समुद्राला जाते. रस्ता मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा, म्हणून त्याला एकही नदी चुकवता येत नाही. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, गड, शास्त्री, सोनवी, बाव, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, मग खारेपाटणची नदी, आणि कणकवलीत पुन्हा गड नावाचीच दुसरी नदी. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एकेक सोंड आडवी येते. म्हणून कोकणात प्रवास म्हणजे सोंडेवर चढायचे, खोऱ्यात उतरायचे, नदी ओलांडायची आणि पुन्हा चढायचे.

जुन्या काळी लांब पूल बांधणे खर्चाचे होते, त्यामुळे रस्ता नदीच्या कडेकडेने, पात्र अरुंद होईल आणि काठाला खडक लागेल अशा जागेपर्यंत नेत आणि तिथे काटकोनात वळवून आखूड पुलाने पलीकडे काढत. कोकणातल्या जुन्या पुलांच्या दोन्ही टोकांना जी अवघड वळणे असतात, ती आखणी करणाऱ्याची चूक नसून पैशाचा आणि पाण्याचा हिशेब आहे. नव्या रस्त्याला हा हिशेब करावा लागत नाही. तो उंच खांबांवरून, नदीला तिरका छेद देत, आहे त्याच वेगात पलीकडे जातो. सोय निश्चितच झाली आहे, पण नदी आली हे गाडीत बसलेल्याला कळतही नाही. जुन्या रस्त्यावर ते आधी कानांना कळे, कारण गिअर बदलल्याचा आवाज येई. मग झाडी दाट होई, हवा गार लागे, एक वळण येई आणि समोर कठडे दिसत.

घाटाकडे वळण्यापूर्वी, महाड आणि पोलादपूर यांच्या मध्ये, सावित्रीचा पूल लागतो. महाबळेश्वरला उगम पावून बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळणाऱ्या या नदीवर इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात तो कोसळला आणि दोन एसटी गाड्या व इतर काही वाहने प्रवाशांसकट वाहून गेली. त्यातली एक गाडी राजापूरहून बोरिवलीला निघालेली होती, म्हणजे आमच्याच वाटेवरची. त्या रात्री आमच्या नात्यातले कोणी गाडीत नाही ना, याची विचारपूस करणारे फोन पहाटेपर्यंत चालू होते. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. जुन्या रस्त्याविषयी मी प्रेमाने लिहिते ते हा पूल विसरून लिहीत नाही. नव्या पुलावर गाडी आली की हे आजही स्टिअरिंगवरचा एक हात क्षणभर कपाळाला लावतात, आणि पूल संपेपर्यंत आम्ही दोघेही काही बोलत नाही.

कशेडीच्या बोगद्यातून वाहतूक सुरू झाली ती २०२३ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर. बोगदा जवळपास दोन किलोमीटरचा आहे, आणि घाटात तासन् तास अडकलेल्या चाकरमान्यांना तो किती मोठा दिलासा वाटला असेल, हे मला वेगळे सांगायला नको. रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांची सीमा याच घाटात आहे. एकेकाळी इथे ट्रकच्या मागे ट्रक अशी रांग असे, चढावर इंजिनांचा धूर कोंडून राही आणि ब्रेकच्या जळक्या वासाने मुलांना उलट्या होत. त्या दिवशी मात्र अर्ध्या घाटापर्यंत आम्हाला समोरून अवघ्या तीन गाड्या भेटल्या. रस्त्याच्या कडेने सुकलेला पाला वाऱ्याबरोबर सरकत होता. एका वळणावर बहावा फुलला होता आणि त्याच्या पाकळ्यांचा पिवळा थर डांबरावर चाकांनी न तुडवलेला तसाच पडून होता. बत्तीस वर्षांत या रस्त्यावर असे काही पाहिल्याचे मला आठवत नाही.

त्या बहाव्याच्या पुढे गाडी थांबवून आम्ही उतरलो. कठड्यालगत मैलाचा एक दगड होता, डोक्याला राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा रंग आणि खाली पांढरा. त्याच्यावर कसलीशी वेल चढली होती. यांनी ती हाताने बाजूला केली. पांढऱ्या रंगाचे पोपडे निघाले होते आणि त्यांच्याखाली आधीच्या रंगाचा थर उघडा पडला होता. बोटाने माती पुसल्यावर '१७' हा आकडा दिसला. महामार्गांना नवे क्रमांक दिले गेल्यापासून पनवेलहून कन्याकुमारीला जाणारा हा रस्ता ६६ क्रमांकाचा झाला, पण आमच्या पिढीच्या तोंडी तो 'सतरा नंबर'च राहिला आहे. गावाचे नाव 'खेड' एवढे वाचता आले, अंतराचा आकडा मात्र पुसला गेला होता. हे बराच वेळ उकिडवे बसून त्या दगडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "या दगडांना दर पावसाळ्यानंतर रंग द्यायचा असायचा. कोणीतरी एकेकासमोर बसून ब्रशने आकडे काढायचा." त्यांचा सगळा जन्म याच कामात गेला असला, तरी दगडासमोर बसणाऱ्या माणसाविषयी ते बोलल्याचे मी प्रथमच ऐकत होते.

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे एक बाई करवंदे घेऊन बसली होती. पळसाच्या पानांचे द्रोण, त्यांत काळीभोर करवंदे आणि वर दोन-चार लालसर, अजून पुरती न पिकलेली. देठाशी पांढरा चीक सुकून चिकटलेला. पूर्वी याच वळणांवर अशा पाच-सहा बायका आणि मुले असत आणि गाडीचा वेग कमी होताच खिडकीशी धावत येत. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आता सगळ्या गाड्या भुयारातून जातात ताई. तिकडं बसू देत नाहीत आणि बसलं तरी कोण थांबणार?" तिने द्रोणाचे दहा रुपये सांगितले. आम्ही तिच्याकडचे सगळे द्रोण घेतले. तिने ते एका मोठ्या पानात नीट बांधून दिले आणि वरून मूठभर करवंदे माझ्या हातावर ठेवली. बोटे चिकट झाली ती थेट चिपळूणपर्यंत.

नव्या रस्त्यांविषयी माझी तक्रार असेल तर ती याच जागी आहे. पनवेल ते इंदापूर या पहिल्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे एक तपाहून अधिक काळ हा महामार्ग खणलेला, वळवलेला आणि चिखलातला राहिला. त्या काळात लोकांनी जे सोसले ते पाहता रस्ता लवकर आणि चांगला व्हावा, याविषयी कोणाचेच दुमत नाही. परंतु रुंदीकरणात दोन्ही बाजूंचे वड, आंबे, जांभळी आणि चिंचा गेल्या, त्यांच्या सावलीतली दुकाने गेली, आणि जुन्या रस्त्याचे जे तुकडे सुटून उरले त्यांची गणना कोणत्याच आराखड्यात होत नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. या तुकड्यांना गावचा रस्ता म्हणून जपता येणार नाही का? कडेची उरलेली झाडे राखावीत, पुलांची तपासणी व्हावी, दगड रंगवावेत आणि घाटातल्या बायकांना बसायला एखादी पडवी असावी. यासाठी फार मोठा पैसा लागणार नाही, असे हेही म्हणतात, आणि त्या बाबतीत त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

घाट उतरून खवटी, भरणे, लोटे अशी गावे मागे टाकत आम्ही परशुरामाच्या घाटात आलो. इथल्या देवळाजवळून खाली वाशिष्ठीचे वळण आणि गोवळकोटाची टेकडी दिसते. लग्नानंतर पहिल्यांदा दिवसाउजेडी या वाटेने गेलो, तेव्हा यांनी मला इथे खाली उतरवून हे दृश्य दाखवले होते. यंदा उतरलो नाही, ऊन फार होते. चिपळूणच्या बाजारात जेवलो आणि सावर्ड्यावरून पुढे निघालो. आरवलीला गरम पाण्याचे झरे रस्त्याच्या अगदी जवळ आहेत. माझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखू लागले तेव्हापासून मुंबईहून परतताना ते इथे अर्धा तास पाय सोडून बसायचे आणि गाडीतले सगळे खोळंबायचे. आता ते नाहीत, तरी आरवली आली की गाडी आपोआप हळू होते.

संगमेश्वरचा टप्पा मला सगळ्यांत आवडतो. शास्त्री पूल नावाने ओळखली जाणारी वस्ती, मग सोनवीवरचा पूल, जवळच कसब्यात कर्णेश्वराचे प्राचीन देऊळ आणि तिथेच १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले ती जागा. इथले जुने पूल इतके अरुंद की समोरून मोठी गाडी आली तर एकाने थांबलेच पाहिजे. कोणी थांबायचे, हे कुठे लिहिलेले नव्हते, पण चालकांमध्ये एक रिवाज होता. जो आधी दिवे दाखवील त्याला वाट द्यायची, चढावरून येणारी भरलेली गाडी असेल तर तिचा मान पहिला, आणि पूल ओलांडून गेलेल्याने थांबलेल्याला हात दाखवल्याशिवाय जायचे नाही. रात्री-अपरात्री, कोसळत्या पावसात, ओळखदेख नसलेली माणसे एकमेकांना हात दाखवून जात, आणि खिडकीशी बसलेल्या मला ते पाहून धीर वाटे. या वेळी जुन्या अरुंद रस्त्याच्या एका उरलेल्या तुकड्यावर समोरून एसटी आली. तिने आधी दिवे दाखवले आणि यांनी गाडी कडेला घेतली. लाल गाडी सावकाश पुढे गेली आणि तिच्या चालकाने खिडकीबाहेर हात काढला. हे इतके प्रसन्न झाले की पुढे बावनदीपर्यंत काही तरी गुणगुणत होते.

हातखंबा, पाली, लांजा, राजापूर हा भाग आम्ही नव्या रस्त्याने भराभर मागे टाकला, कारण ऊन कलायला लागले होते आणि घरी सासूबाई वाट पाहत होत्या. मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. या रस्त्याने जाताना बोली बदलत जाते, आणि थांबत गेलात तरच ती ऐकू येते. पेण-वडखळला पोहे घेताना आगरी कानावर पडते. चिपळूणच्या पुढे बाजारात संगमेश्वरी हेल येतो. राजापूर ओलांडून खारेपाटणचा पूल पार केला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा लागला, की चहाच्या टपरीवरचा पहिलाच प्रश्न मालवणीत येतो. मुंबईत तीस वर्षे ऑफिसची मराठी बोललेला माझा नवरा त्या टपरीवर दर वेळी वेगळाच माणूस होतो. यंदाही तळेऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवाल्याने, "खंयसून इलास?" असे विचारताच यांचा आवाज एक पट्टी वर गेला, हात हलू लागले आणि दोघे पाऊस कधी लागणार, आंब्याचे यंदा काय झाले, काजूला भाव किती, यांवर पाऊण तास बोलले. मी गाडीत बसून काचेवर डोके टेकवले होते. मला घाई नव्हती. खेडच्या मुलीला मालवणी शिकायला या टपऱ्यांचाच आधार झाला होता. सासरी काही बोलण्यापूर्वी मी इथेच कान देऊन ऐकत असे.

कणकवली आता उड्डाणपुलावरून ओलांडता येते. ओसरगावच्या पुढे उजेड मऊ झाला आणि कातळावरचे वाळलेले गवत तांबूस दिसू लागले. कसालच्या तिठ्यावर वळलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. बोगद्याने आणि न थांबता आलो असतो तर दुपारच्या चहालाच पोचलो असतो.

सासूबाई पडवीतच बसल्या होत्या. वय पंच्याऐंशी, पण नजर तीक्ष्ण. गाडीचा दिवा दिसताच त्या खांबाला धरून उठल्या आणि आम्ही पायऱ्या चढण्याआधीच त्यांनी विचारले, "इतको उशीर? बोगद्यातसून नाय इलास?"

"नाय आये, घाटासून इलंव," हे म्हणाले.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी पानाची गाठ सोडून एक द्रोण त्यांच्यापुढे धरला. त्यांनी त्यातले एक करवंद उचलले, देठाकडचा चीक पदराला पुसला, तोंडात टाकून सावकाश चावले आणि बी हातावर काढली. मग दुसरे घेतले.

"बरी आसत," त्या म्हणाल्या. "पण आमच्या सड्यावरची करवंदां ह्येच्यापेक्षा गॉड आसत. सकाळी जावन आणूया."